आधी शोध घ्यावा, मग हक्क सांगावा

एखादा कल्पक कारागीर नवे अवजार घडवतो तेव्हा त्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘पेटंट घेऊन टाक’ असा. हा सल्ला अपुरा आहे. तीच कल्पना जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेली असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी उरत नाही. अर्जाची फी, वकिलाचा खर्च आणि काही वर्षे मात्र वाया जातात. म्हणून हक्क सांगण्यापूर्वी जुनी पेटंटे धुंडाळण्याची विद्या आपण शिकून घेतली पाहिजे.

पेटंट हे मक्तेदारीचे हत्यार आहे, त्याच्या दप्तरात आपण कशाला डोकावायचे, असा आक्षेप काही साथी घेतील. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा. पेटंट हा समाजाशी केलेला सौदा असतो: संशोधकाने आपली कृती सविस्तर जाहीर करावी आणि मोबदल्यात २० वर्षांचा एकाधिकार घ्यावा. मुदत सरली की ते ज्ञान सर्वांचे. शिवाय पेटंटाचा अंमल त्या त्या देशापुरताच असतो. भारतात न घेतलेल्या परदेशी पेटंटाची येथे आडकाठी नसते. म्हणजे या दप्तरात सार्वजनिक संपत्ती पडून आहे आणि आपण ती वाचत नाही.

न वाचण्याची किंमत काय असते, हे हळदीच्या प्रकरणाने दाखवून दिले. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे हा उपाय घरोघरी ठाऊक होता. पण परदेशातील नुसती वहिवाट त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात पुरावा ठरत नसे, छापील आधार लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथापासून १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ संदर्भ सादर केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. लढाई जिंकली ती ग्रंथालयात.

हा शोध घ्यायचा कसा? केवळ शब्दावर विसंबू नये. आपण ज्याला पंप म्हणतो त्याला अर्जदाराने ‘द्रव उचलण्याचे साधन’ म्हटलेले असू शकते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने सर्व तंत्रज्ञान आठ विभागांत वाटले आहे. आपल्या कल्पनेजवळचे एक पेटंट सापडले की त्याचा वर्गक्रमांक घ्यावा, त्या क्रमांकाखालील इतर पेटंटे पाहावीत, त्यांत उल्लेखिलेली जुनी पेटंटे वाचावीत, आणि नेमका हक्क कशावर सांगितला आहे ते दाव्यांच्या परिच्छेदांत तपासावे. भारतीय पेटंट कार्यालयाचे व जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे संग्रह संगणकावर विनामूल्य पाहता येतात. अर्ज साधारणतः १८ महिने अप्रकाशित राहतात, म्हणून कोणताही शोध परिपूर्ण नसतो, हेही ध्यानात असावे.

हीच विद्या मक्तेदारीविरुद्धही उपयोगी पडते. आपल्या कायद्याच्या कलम २५ नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाचा एकाधिकार लांबवू पाहणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला, त्यामागे क्षयरोगातून बचावलेल्या दोन स्त्रियांची हरकत होती. पूर्वीच्या ज्ञानाचा पुरावा हाती असला की सामान्य माणूसही बलाढ्य कंपनीला अडवू शकतो.

अडचण भाषेची आणि सवयीची आहे. ही कागदपत्रे इंग्रजीत, तीही वकिली इंग्रजीत असतात. यंत्रावर हात चालवणाऱ्याला ती परकी वाटतात. तेव्हा तंत्रनिकेतनांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी मराठीतून याचे वर्ग चालवावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि ती मान्य होईपर्यंत कामगार संघटनांनी आपल्या अभ्यासवर्गांत या विषयाला जागा द्यावी. श्रमिकाच्या बुद्धीचे रक्षण करायचे तर आधी त्याच्या हाती दप्तराची किल्ली दिली पाहिजे.