उंबऱ्याबाहेरची भूतदया

दिवाळी अंकासाठी कुत्र्यावर लिहितो आहे, हे ऐकून आमचे एक सहकारी शिक्षक म्हणाले, "अहो मास्तर, सणासुदीला लोक चकली खात खात वाचणार, काही मंगल लिहा की!" त्यांचे म्हणणे मला पटले नाही. आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी वसुबारसेला, गाय-वासरापुढे दिवा लावून. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, पंचमीला नागाला पूजतो. शेजारच्या नेपाळात तर याच दिवसांत 'कुकुर तिहार' म्हणून एक दिवस कुत्र्याचा असतो. त्या दिवशी घरच्याच नव्हे, रस्त्यावरच्या कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ पडते आणि कपाळाला टिळा लागतो. आपल्याकडे त्याच दिवसांत कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारी पोरे मी पाहिली आहेत आणि ओट्यावर बसून खदाखदा हसणारे त्यांचे बापही पाहिले आहेत. तेव्हा मंगल कोणते आणि अमंगल कोणते, याचा निकाल एकदा लावूनच टाकू.

आमचे नामपूर हे बागलाणातले, मोसम नदीकाठचे गाव. कांद्याच्या हंगामात येथे ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि भर दुपारी ट्रॉल्यांच्या सावलीला कुत्री निजलेली दिसतात. ही कुत्री कोणाची, असे कोणालाही विचारा, उत्तर येईल, "गावाची." बोलायला किती गोड शब्द! गावाची विहीर म्हटली की ती उपसायला माणसे निघतात, गावाचे देऊळ म्हटले की वर्गणी गोळा होते. पण 'गावाचे कुत्रे' म्हणजे कोणाचेच नव्हे. त्याला भाकरी घालण्याचा हक्क सर्वांना, दगड मारण्याचाही सर्वांना; जबाबदारी मात्र कोणालाच नाही.

आणि ही कुत्री काही आभाळातून पडली नाहीत. कोणाच्या तरी गोठ्यात कुत्री व्याली, पाच पिल्ले झाली. त्यांतला एखादा नर राखणीला ठेवून घेतला, आणि उरलेली पिल्ले, त्यांतही माद्या हटकून, एका पोत्यात घालून रात्री परगावच्या शिवेवर सोडून दिली. त्या गावाने आपली पिल्ले आपल्या शिवेवर आणून सोडली. असा हा पोत्यांचा देवघेवीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला आहे. प्राण्याला उपाशी मरण्याजोगे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड पोतेही येत नाही!

वाचक म्हणतील, मास्तर दुसऱ्यांच्या पोत्यांवर बोट ठेवतात. तसे नाही. एका पोत्याचे तोंड मी माझ्या हातांनी धरले आहे.

मी तेव्हा चौथीत होतो. मेंढ्यांचा कळप घेऊन आलेल्या ठेलाऱ्यांच्या मागे राहिलेले एक पिल्लू आमच्या खळ्यात आले आणि त्याचा मोत्या झाला. दोन वर्षे मोत्या माझ्या पायांत पाय घालून वाढला. शाळा सुटायच्या वेळी तो नदीच्या फरशीवर येऊन बसे. पावसात भिजे, पण जागचा हलत नसे. एके दिवशी शेजारच्या पोराने त्याच्या तोंडातली भाकरी ओढली आणि मोत्याने त्याच्या हाताला दात लावले. भांडण झाले. वडील एका शब्दाने मला म्हणाले नाहीत, पोते आणले आणि म्हणाले, "धर तोंड." मी धरले. वडिलांनी बैलगाडीतून त्याला नदीपलीकडे लांब नेऊन सोडले. तिसऱ्या दिवशी पहाटे मोत्या दारात उभा! पायांची कातडी सोललेली, पण शेपटी हलते आहे. त्याला पोत्यात घालणाऱ्या हातांनाच तो चाटत होता. दुसऱ्या खेपेला वडिलांनी पोते कांद्याच्या ट्रकमध्ये चढवले. तो ट्रक कुठे गेला हे मी विचारले नाही. पुढे कित्येक दिवस शाळेतून येताना मी फरशीवरून न येता वळसा घालून येत असे.

वडिलांना मी क्रूर म्हणणार नाही. त्यांनी बैल म्हातारा झाला तरी विकला नाही. खुंट्यावरच मरू दिला. बैल घरचा होता, कुत्रे दारचे होते, एवढाच काय तो फरक. सगळा प्रश्न या एका अक्षराचा आहे.

पुढे माझे स्वतःचे बिऱ्हाड झाल्यावर चांद्या आला. तो बारा वर्षे आमच्यात राहिला. माझी पहिली कादंबरी मी रात्री कंदिलाच्या नव्हे, पण वारंवार जाणाऱ्या विजेच्या उजेडात लिहिली, तेव्हा जागा राहणारा तो एकटाच वाचक होता. शेवटच्या वर्षी त्याला दिसेनासे झाले, तरी मुलीच्या पावलांचा आवाज त्याला बरोबर कळे. तो गेला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस धड स्वयंपाक झाला नाही. ठमी नावाची एक मांजरीही होती. ती कांद्याच्या चाळीत उंदीर धरी आणि न चुकता माझ्या उशाशी आणून ठेवी. या मुक्या मंडळींनी आम्हांला काय दिले, याचा हिशेब लिहायला बसलो तर अंकाची पाने पुरायची नाहीत. असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या शाळेच्या आवारात एक तपकिरी कुत्री होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती व्हरांड्याशी हजर, म्हणून पोरांनी तिचे नाव ठेवले घंटी. खिचडीतला घास तिच्यासाठी ठेवण्यावरून पोरांत भांडणे होत. मग वर्तमानपत्रांत बातमी आली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके, क्रीडासंकुले यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. न्यायालयाने निवारा म्हटले होते. खेड्यात तसा निवारा कुठला असायला? शेवटी एकजण सहज म्हणून गेला, "त्यात काय, पोत्यात घालू आणि घाटापलीकडे सोडू."

पोते! चौथीतल्या त्या पोत्याचा खरखरीत काठ मला पुन्हा बोटांना लागला. त्या दिवशी संध्याकाळी घंटी माझ्याबरोबर घरी आली.

कुत्र्यांच्या प्रश्नावर सध्या देशात दोन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, उचला आणि नाहीशी करा. या पक्षाला मी हसणार नाही. आमच्या तिसरीतल्या एका पोराला गालावर कुत्रे चावले तेव्हा त्याच्याबरोबर मी होतो. जवळच्या दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत भरायचे सीरम नव्हते. त्यासाठी रात्री गाडी करून शहर गाठावे लागले. त्याच्या आईचा तो चेहरा मी विसरणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्र जवळजवळ हात टेकते. तेव्हा भीती खरी आहे. पण मारून, उचलून हा प्रश्न सुटतो काय? मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दंगा झाला, दुकाने बंद पडली. पुढेही गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत मुंबईत कुत्री मारली जातच होती. संपली काय? मारलेल्या कुत्र्याची जागा दुसरे येऊन घेते, कारण उकिरडा तेथेच असतो. याउलट, कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना नियमाने लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पोराच्या गालाचे रक्षण काठीने होत नाही, सुईने होते.

दुसरा पक्ष भूतदयावाद्यांचा. यांच्यावर माझा राग अधिक आहे, कारण हे माझ्या जवळचे आहेत. संध्याकाळी फटफटी उभी करायची, खाली न उतरताच बिस्किटांचा पुडा फोडून चौकात भिरकवायचा, आणि पुण्याची गाठोडी बांधून घरी जायचे! विचारले तर सांगतात, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. अहो, पण ते धावले होते! कुत्रे कोरडी भाकरी खाईल, त्याच्या घशाला त्रास होईल, एवढी काळजी त्यांना होती. तुम्ही बिस्कीट टाकलेत. पण त्या कुत्रीला लस कोण टोचणार? वर्षातून दोनदा ती विते, ती पिल्ले कोणाच्या चाकाखाली जाणार? ती चावली तर "माझी आहे" म्हणून पुढे कोण होणार? अन्न घालणे सोपे आहे. नाव घालणे कठीण आहे. उंबऱ्याबाहेर थांबणारी दया ही दया नव्हे, ती करमणूक आहे.

या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे: कुत्रे माझ्या घरात नको.

आमची परंपरा मात्र निराळे सांगते. महाभारताच्या आरंभीच जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू यज्ञापाशी गेले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. सरमेने येऊन जाब विचारला. कोणाजवळही उत्तर नव्हते. तेव्हा अदृष्ट भय तुझ्यावर येईल, असा शाप तिने राजाला दिला. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा आहे आणि मागोमाग आलेल्या कुत्र्याला सोडून आत यायला नाही म्हणतो आहे. एवढा मोठा ग्रंथ. त्याच्या एका टोकाला निरपराध कुत्र्याला मारणारा राजा आणि दुसऱ्या टोकाला शरण आलेल्या कुत्र्याला न सोडणारा राजा. दत्ताच्या पायांशी चार कुत्री आणि खंडोबाबरोबरही कुत्रे. देवाजवळ चालते, घरात चालत नाही! रायगडावरच्या वाघ्याचे पाहा. १९३६ साली तेथे त्याचा पुतळा उभा राहिला, २०१२ साली उखडला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ साली पुन्हा वाद पेटला. वाघ्या इतिहासात होता की नव्हता, हे इतिहासाच्या जाणकारांनी ठरवावे. मला नवल वाटते ते निराळेच: दगडाच्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी अस्तन्या सारणारे आपण, ट्रॉलीखालच्या जिवंत कुत्र्यासाठी कधी एका बाजूनेही उठत नाही.

मग काय करायचे? उत्तर त्या न्यायालयाच्याच एका आदेशात आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, ज्यांना प्राण्यांची आवड आहे त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यावे, अशी मुभा होती. मात्र ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी त्यांची. माझ्या मते सगळ्या वादात शहाणपणाचे वाक्य हेच होते. मुभा आणि जबाबदारी एका दाव्याने बांधलेली!

कोणी म्हणेल, आम्हांला परवडत नाही. रतन टाटांचे उदाहरण दिले तर म्हणाल, ते टाटा होते. असतील, पण गोव्यात भेटलेले रस्त्यावरचे पिल्लू त्यांनी मुंबईला आणले, त्याचे नावच 'गोवा' ठेवले. बॉम्बे हाऊसमध्ये २०१८ पासून भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले तेव्हा अंत्यदर्शनाला देशातली मोठमोठी माणसे आली, आणि तो गोवाही आला. हजारोंचे विलायती पिल्लू त्यांना परवडले नसते काय? आणि इकडे आमच्या भागात डाळिंबाला जरा भाव आला की जाड केसांची परदेशी कुत्री दारात दिसतात. बागलाणच्या उन्हात ती बिचारी धापा टाकतात, आणि भाव पडला की तीही मोकाट होतात. आपले गावठी कुत्रे शिळ्या भाकरीवर, या मातीत, या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे. त्याला किंमत नाही, हाच त्याचा दोष.

माझा खर्च सांगतो. रेबीजची लस वर्षाला एकदा. नसबंदीसाठी घंटीला मालेगावच्या बाजूला एका पशुवैद्यांकडे नेले, एक दिवस रजा पडली. बाकी आम्ही जेवतो तेच ती जेवते. पहिल्या रात्री आई अहिराणीत म्हणाली, "हाई कसाले आनं रे घरमा?" मी काही बोललो नाही. मोत्याच्या पोत्याची गोष्ट आईलाही ठाऊक होती. पंधरा दिवसांनी पाहतो तो आईच्या खाटेखाली घंटी आणि आईच्या हातात भाकरीचा मऊ पापुद्रा.

नसबंदी आणि लसीकरण ही ग्रामपंचायतींचीही जबाबदारी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती टाकली आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांबरोबर हाही प्रश्न विचारा. पण पंचायतीची वाट पाहत बसू नका. ज्याला जमेल त्या घराने एक कुत्रे उंबऱ्याच्या आत घ्यावे, त्याला नाव द्यावे, सुई द्यावी, आणि ते चुकले तर पुढे होऊन म्हणावे, "माझे आहे." ज्याला हे जमत नसेल त्याने निदान पोत्याचे तोंड धरू नये.

शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते. मधल्या सुट्टीला घंटी अजूनही कान उभे करते, दाराशी जाते आणि परत येऊन खाटेखाली बसते. शाळा सुटली की चारदोन पोरे दप्तरासकट थेट आमच्याकडे येतात. त्यांतल्या एकाच्या गालावर व्रण आहे. तो अजून दोन हात दूर उभा राहतो. पण रोज येतो.