ठराव झाला, संवादाचे काय?

कोल्हापूर - शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची दखल राज्यभर घेतली गेली. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायांतील जोडवी काढणे आणि पुढे आयुष्यभर तिला धार्मिक व सामाजिक कार्यक्रमांपासून दूर ठेवणे, या सर्व प्रथा गावात पाळल्या जाऊ नयेत, असा त्या ठरावाचा आशय होता. अवघ्या दोन आठवड्यांत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनी हेरवाडचा आदर्श घ्यावा, असे आवाहन केले. त्यानंतर ठरावांची रीघ लागली. राज्यातील सुमारे २७ हजार ग्रामपंचायतींपैकी सात हजारांहून अधिक गावांनी असे ठराव केल्याचे चळवळीतील कार्यकर्ते २०२५ मध्ये सांगत होते.

आकडा मोठा आहे आणि तो समाधानकारकही आहे. तथापि ठराव झालेल्या गावातही एखाद्या घरात मृत्यू झाला, की अंत्यविधीच्या वेळी किंवा दहाव्या-बाराव्या दिवशी नेमके काय घडते, याचे उत्तर आकड्यातून मिळत नाही. गावाने हात वर करून मान्य केलेली गोष्ट घराच्या उंबरठ्यावर अडते, याचे कारण ठरावाच्या भाषेत शोधून चालणार नाही. ठरावापूर्वी गावात किती आणि कोणाकोणाशी बोलणे झाले, यातच ते शोधावे लागेल.

ठरावाआधीची वाट

हेरवाडचा निर्णय एका बैठकीत सुचलेला नव्हता. कोरोनाच्या साथीत गावोगावी कर्ते पुरुष दगावले आणि अनेक तरुण स्त्रिया अकाली विधवा झाल्या. दुःखाचा पहिला आघात ओसरण्यापूर्वीच त्यांच्या अंगावरील सौभाग्यचिन्हे उतरवली जात होती. हे दृश्य एरवी क्वचित दिसे. साथीच्या काळात ते पुन्हा पुन्हा दिसू लागले, म्हणून ते खुपू लागले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा येथील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. आपल्या निधनानंतर पत्नीवर अशी कोणतीही सक्ती करू नये, असे त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. हेरवाडचे तत्कालीन सरपंच सुरगोंडा पाटील आणि ग्रामपंचायतीने हा विषय उचलून धरला.

काळही अनुकूल होता. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा ६ मे २०२२ हा दिवस तोंडावर आला होता. कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ देणाऱ्या राजाचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात या ठरावाला विरोध करणे कोणालाही सोपे नव्हते. प्रसंगाची निकड, एका कार्यकर्त्याने स्वतःपासून केलेली सुरुवात, सरपंचाचे पाठबळ आणि जिल्ह्याची परंपरा असे चार धागे येथे एकत्र आले. परिपत्रकाने अन्य गावांना ठरावाचा नमुना मिळाला. हे धागे मात्र परिपत्रकातून पोहोचविता येत नाहीत. त्यामुळे काही गावांत विषयपत्रिकेवरील एक विषय, एक सूचक, एक अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर' एवढ्यावरच हा प्रश्न संपला असेल, तर त्यात नवल नाही.

ग्रामसभेचे बळ आणि मर्यादा

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान लाभले. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती हे त्यांचे परिचित दिवस आहेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते. मात्र तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. परिणामी तीन-चार हजार मतदारांच्या गावाचा निर्णय मूठभर लोक घेऊ शकतात आणि तो नियमानुसार वैधही ठरतो.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. कागदावर पाहता विधवा प्रथेसारखा प्रश्न मांडण्यासाठी याहून अनुकूल व्यवस्था शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात महिला सभा केवळ सह्यांपुरती होते, ही तक्रार जुनी आहे. सह्यांच्या वहीत नाव असणे आणि सभेत तोंड उघडता येणे यांत मोठे अंतर असते. विधवेच्या बाबतीत ते अधिकच मोठे असते. ज्या स्त्रीने चारचौघांत पुढे येऊ नये, अशी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, तिनेच चारचौघांत उभे राहून स्वतःचा अनुभव सांगावा, ही अपेक्षा सहज पूर्ण होणारी नाही.

याखेरीज ठरावाला कायद्याचे दात नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये लागू झाला. विधवा प्रथेच्या सक्तीविरुद्ध असा स्वतंत्र कायदा व्हावा, ही मागणी कार्यकर्ते करीत आले आहेत. कायद्याने धाक निर्माण होईल, हे खरे. पण येथे सक्ती करणारे बहुधा परके नसतात. सासू, जाऊ, नणंद, शेजारची वयस्कर बाई यांचेच हात पुढे येतात. त्यांच्याही वाट्याला कधीकाळी हेच आलेले असते किंवा आपण हे केले नाही, तर गाव काय म्हणेल, ही भीती त्यांच्या मनात असते. अशा नातलगांविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढणे, तेही मृत्यू झालेल्या घरातून, जवळजवळ अशक्य असते.

या संदर्भात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराची आठवण उद्बोधक ठरते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिक बांधवांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. प्रथा ज्या हातांनी पाळली जात होती, तेच हात मागे घेतले गेले. आजही प्रश्न त्या हातांचाच आहे. बांगडी फोडण्यासाठी पुढे येणाऱ्या वृद्धेशी कोणी, केव्हा आणि काय बोलले, यावर ठरावाचे भवितव्य अवलंबून आहे.

जिच्याविषयी निर्णय, ती कोठे आहे?

विधवांच्या सन्मानाचा विचार त्यांना न विचारता केला, तर काय होते, याचे उदाहरण एप्रिल २०२३ मध्ये दिसले. विधवा स्त्रियांच्या नावापूर्वी 'गंगा भागीरथी' असा शब्द योजण्याबाबत तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विभागाला विचार करण्यास सांगितले. त्यावर राज्यभर टीका झाली आणि हा निर्णय नसून केवळ चर्चेचा विषय असल्याचा खुलासा करावा लागला. 'गं. भा.' ही जुनी उपाधी निमंत्रणपत्रिकांतून लोकांना ठाऊक होती. ती आदरार्थी मानली जाई. परंतु पतीच्या मृत्यूची खूण स्त्रीच्या नावाला कायमची चिकटविण्याचे कामही तीच करीत असे. पुरुषाच्या नावापुढे अशी खूण नसते, हा साधा प्रश्न त्या वेळी अनेक स्त्रियांनी उपस्थित केला. हेतू सन्मानाचा असला, तरी जिचा सन्मान करायचा तिचे मत आधी विचारात घेतले गेले नव्हते, ही उणीव त्यातून उघड झाली.

बहुमताने झालेला प्रत्येक ठराव पुरोगामीच असतो, असेही मानण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात, मढी येथील कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावण्यास मनाई करणारा ठराव फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामसभेच्या नावे झाला आणि प्रशासनाला तो नियमबाह्य ठरवावा लागला. हेरवाड आणि मढी यांचे आशय परस्परविरोधी आहेत. व्यासपीठ मात्र एकच आहे. तेव्हा ग्रामसभेचे मोल केवळ हात वर करणाऱ्यांच्या संख्येवर ठरविता येत नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, ते सभेत होते काय आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले काय, ही कसोटी दोन्हीकडे लावावी लागते.

या कसोटीला उतरणारा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाने केला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा देशभर पोहोचली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. पण या यशामागे दोन शांत सवयी होत्या. एक, कोणताही निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा. दुसरी, निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. सर्वसहमतीला वेळ लागतो, कधी महिनोन्‌महिने विषय लांबतो. मात्र एकदा ठरले, की तो निर्णय पाळण्यासाठी कोणाला बजवावे लागत नाही. कारण विरोध करणाऱ्याचे समाधान झाल्याशिवाय तो झालेलाच नसतो.

बांगडीनंतर सात-बारा

विधवेच्या प्रश्नाची दुसरी बाजू ठरावांत क्वचितच येते. कुंकू आणि मंगळसूत्र राहिले, पण घर, शेत आणि उत्पन्न हातून गेले, तर सन्मान फार काळ टिकत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विधवा ही पतीची प्रथम श्रेणीची वारस आहे. असे असूनही महसूल दप्तरी तिची वारसनोंद वेळेवर होतेच, असे नाही. दीर किंवा सासरे यांच्याकडे कागदपत्रे असतात, तिला त्यांची माहिती नसते आणि भांडण नको म्हणून ती गप्प राहते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या योजनांसाठीही दाखले जमविण्याचा सोस असतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेतून घरच्या स्त्रीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता. स्त्रीची प्रतिष्ठा आणि सात-बारावरील तिचे नाव यांचा संबंध त्या मोहिमेने गावांना नेमका दाखविला होता.

ग्रामसभेच्या हाती येथे बरेच काही आहे. गावात गेल्या वर्षभरात किती स्त्रिया विधवा झाल्या, त्यांपैकी किती जणींची वारसनोंद झाली, किती जणींचे अर्ज प्रलंबित आहेत, याचा आढावा दर सभेत घेता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. असा आढावा सुरू झाला, तर ठराव इतिवृत्तात बंद न राहता दर तीन महिन्यांनी त्याचा हिशेब द्यावा लागेल.

शहरांना सभाच नाही

खेड्यात ग्रामसभा अपुरी का होईना, पण आहे. शहरातील स्त्रीला तेवढेही व्यासपीठ नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली; परंतु त्या मुख्यतः नगरसेवकांच्या समित्या राहिल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची कल्पना स्वीकारली. ती प्रत्यक्षात फारशी उतरली नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली, हा स्तुत्य अपवाद होय. मात्र पदपथ आणि दिवे यांच्या सूचना पाठविणे वेगळे आणि वस्तीतील माणसांनी समोरासमोर बसून एखाद्या रूढीविषयी बोलणे वेगळे.

त्यातच मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार २०२२ पासून प्रदीर्घ काळ प्रशासकांच्या हाती राहिला. राज्यातील २९ महापालिकांसाठी अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. निवडून आलेल्या सदस्यांनी क्षेत्रसभेची धूळ खात पडलेली तरतूद बाहेर काढली, तर शहरी वस्त्यांतही या विषयाला तोंड फुटू शकेल.

नेतृत्वाची खरी परीक्षा

थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत राज्यात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. या धरसोडीत सरपंचाचे अधिकार किती, यावर भरपूर चर्चा झाली. सभा कशी चालवावी, न बोलणाऱ्यांना कसे बोलते करावे, यावर ती क्वचितच झाली. विधवा प्रथेसारख्या विषयात सरपंचाची कामगिरी ठराव मंजूर करून संपत नाही. महिला सभा खरोखरच भरविणे, वृद्ध स्त्रियांना विश्वासात घेणे, भावकीतील जाणत्यांशी आधी बोलून ठेवणे आणि गावात मृत्यू झाला की त्या घरी जाऊन, दुःखाचे भान ठेवून, ठरावाची आठवण करून देणे, हे त्याचे वा तिचे खरे काम आहे.

हेरवाडने एक दार उघडले, याबद्दल त्या गावाचे श्रेय निर्विवाद आहे. सात हजारांहून अधिक गावांनी त्या दारापर्यंत येण्याची तयारी दाखविली, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. आता या गावांच्या पुढील ग्रामसभेत विषयपत्रिकेवर आणखी एक ओळ लिहिली जाण्याची गरज आहे : मागील ठरावानंतर गावात ज्या स्त्रियांचे पती वारले, त्यांच्या बाबतीत काय घडले? या प्रश्नाचे उत्तर सरपंचाने किंवा सचिवाने देऊन भागणार नाही. ते त्या स्त्रियांकडूनच ऐकावे लागेल आणि त्या बोलू लागेपर्यंत सभेला थांबावे लागेल.