पिंपातले वय आणि बाजारातले मोल

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे वापरली जाते की, तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो, लोणचे मुरले की त्याची चव खुलते, जुने तूप वैद्य औषधासाठी मागतात. या ठिकाणी जुनेपणाने वस्तूचा गुण वाढला. उलटपक्षी आजोबांच्या वेळचे टपालाचे तिकीट अथवा चलनातून गेलेले नाणे जुने झाल्यामुळे काही अधिक उपयोगी झालेले नसते. तरीही त्यास गिऱ्हाईक मिळते. येथे वाढले ते केवळ मोल. गुण आणि मोल ही दोन्ही जुनेपणाबरोबर वाढू शकतात. परंतु ती एकाच कारणाने वाढत नाहीत, एकाच वेगाने वाढत नाहीत, आणि एकाच ठिकाणी थांबतही नाहीत. हा भेद ज्यास उमगला नाही, तो व्यवहारात फसण्याचा संभव फार.

वेस्ट इंडीज बेटांत होणारी रम हे या भेदाचे एक उत्तम उदाहरण आहे, म्हणून या महिन्यात तोच विषय घेतला आहे. ज्या घरी हे पेय कधी आले नाही व येऊ नये अशीच वडीलधाऱ्यांची इच्छा आहे, त्यांनीही पान उलटू नये अशी विनंती आहे. येथे पेयाची भलावण करावयाची नसून काळ, लाकूड आणि पैसा यांचा हिशेब तेवढा मांडावयाचा आहे.

रम उसापासून होते. कोलंबसाने १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत ऊस त्या बेटांकडे नेला, आणि सतराव्या शतकात बार्बाडोस, जमैका इत्यादी ठिकाणी साखरेचे मळे उभे राहिले. साखर काढून घेतल्यावर जी काळी, चिकट मळी उरते, ती आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या शेजारी राहणारांस वासावरूनच परिचित आहे. ही मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे रम निघते. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी स्वच्छ, परंतु चवीस तिखट व उग्र असते. तिला जो तांबूस रंग आणि मवाळपणा येतो तो बव्हंशी पिंपातल्या वास्तव्याने. ही पिंपे ओक वृक्षाच्या लाकडाची असून बहुधा अमेरिकेतून येतात. त्या देशात बूर्बाँ नावाची व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या पिंपातच भरावी असा कायदा असल्यामुळे, एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरांची पिंपे रमच्या व्यापाऱ्यांस स्वस्तात मिळतात.

पिंपात रम मुरते म्हणजे नेमके काय होते? तीन क्रिया एकाच वेळी चालतात. पहिली, लाकडाकडून घेण्याची. ओकच्या लाकडातून व्हॅनिलिन नावाचे द्रव्य उतरते. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा जो परिचित सुगंध असतो तो याच द्रव्याचा. आणखी काही द्रव्ये ओल्या खोबऱ्याची आठवण देणारा वास आणतात, तर टॅनिन तुरटपणा आणते. दुसरी क्रिया हवेची. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडाथोडा प्राणवायू आत शिरतो, आम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगाने फळांसारख्या वासाची नवी द्रव्ये बनतात, आणि मूळचा उग्रपणा मावळतो. तिसरी क्रिया गमावण्याची. त्याच छिद्रांतून रम वाफेच्या रूपाने बाहेर निघून जाते. या तुटीस तिकडील लोकांनी ‘देवदूतांचा वाटा’ असे गमतीचे नाव दिले आहे.

हा वाटा किती मोठा असतो ते हवामानावर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या थंड कोठारात तो दरसाल शेकडा २ च्या आसपास असतो. जमैकासारख्या उष्ण बेटावर तो दरसाल शेकडा ६ किंवा त्याहूनही अधिक. आपल्या घरातील मुलांस चक्रवाढ व्याजाचे गणित शिकविले जाते. तेच येथे उलटे चालते. २०० लिटरांचे पिंप शेकडा ६ तुटीने ठेवले तर १० वर्षांनी त्यात सुमारे १०८ लिटर, २० वर्षांनी ५८ लिटर, ३० वर्षांनी ३१ लिटर आणि ५० वर्षांनी अवघे ९ लिटर उरेल. थंड देशात शेकडा २ तुटीने ३० वर्षांनंतरही १०९ लिटर, म्हणजे निम्म्याहून अधिक माल शिल्लक राहतो. म्हणजे उष्ण प्रदेशातील १० वर्षांची तूट थंड प्रदेशातील ३० वर्षांच्या तुटीएवढी झाली.

आता किमतीकडे वळू. २० वर्षांनी ५८ लिटर उरले, म्हणजे केवळ तुटीमुळेच उरलेल्या प्रत्येक लिटरावर सुमारे साडेतीन लिटरांचा मूळ खर्च बसला. शिवाय त्या २० वर्षांत व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडले. त्यावर शेकडा ६ चक्रवाढ व्याज धरले तर खर्च आणखी सव्वातीनपट होतो. दोहोंचा गुणाकार सुमारे ११ येतो. कोठाराचे भाडे, राखण आणि विमा यांत धरलेलाच नाही. ५० वर्षांचा हिशेब याच रीतीने केला तर खर्च ४०० पटींवर जातो! तेव्हा जुनी रम महाग का, या प्रश्नाचे पहिले उत्तर अगदी साधे आणि प्रामाणिक आहे. ती महाग असते, कारण ती बहुतेक उडून गेलेली असते.

जमैकाच्या ॲपल्टन या जुन्या मळ्याने १९६२ साली देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची रम जपून ठेवून ५० व्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, बाजारात आणली. अवघ्या ८०० बाटल्या निघाल्या आणि बाटलीची किंमत सुमारे ५ हजार डॉलर होती. वरील गणित ज्याने पाहिले त्यास हा आकडा अवाजवी वाटला तरी अनाकलनीय वाटणार नाही. आमच्या भगिनीवर्गास हे वाचून विशेष वाटेल की, त्या मळ्यातील मिश्रणाची सर्व जबाबदारी १९९७ पासून जॉय स्पेन्स या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीकडे आली, आणि मद्यनिर्मितीच्या व्यवसायात हे पद मिळविणारी जगातील पहिली स्त्री म्हणून त्यांची ख्याती आहे.

परंतु खर्च ४०० पटींनी वाढला म्हणून गुण ४०० पटींनी वाढतो काय? येथेच वाट फुटते. लाकूड देते ते मोजून देत नाही. पहिल्या काही वर्षांत उग्रपणा जाऊन गोडसर वास येतात तोवर सर्व ठीक. पुढे टॅनिन साचत जाते आणि हिरडा चघळल्यासारखा तुरट कडवटपणा वर येऊ लागतो. अखेरीस उसाची म्हणून जी मूळ चव, ती लाकडाखाली दबून जाते. उष्ण देशात ही स्थिती लवकर येते. म्हणूनच जाणते लोक पिंपे वरचेवर तपासतात, आणि जे पिंप पुरेसे मुरले ते काढून घेतात. कोणत्या पिंपास किती वर्षे मानवतील हे पंचांगात पाहून ठरत नाही, चाखून ठरते. चांगले लोणचेही वर्षभर मुरते, पण म्हणून दहा वर्षे ठेवलेले लोणचे दसपट चविष्ट होत नाही. गुणाची वाढ एका उंचीपर्यंत जाऊन उतरू लागते. खर्चाची आणि त्यामागोमाग किमतीची रेघ मात्र वरच चढत राहते.

दुसरी गोष्ट अशी की, हे सर्व मुरणे पिंपातले आहे. रम काचेच्या बाटलीत भरून बूच बसविले की लाकूड सुटले, हवा तुटली, आणि मुरणेही थांबले. १२ वर्षे पिंपात आणि ४० वर्षे कपाटात राहिलेली रम ५२ वर्षांची होत नाही. ती १२ वर्षांचीच राहते. बूच एकदा काढल्यावर तर हवेने तिचा वास हळूहळू कमीच होतो. मात्र बाजारभावाने या नियमास कधी जुमानलेले नाही. ब्रिटिश आरमारात खलाशांस रोज ठरावीक माप रम देण्याचा रतीब फार जुना होता. तो ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. शिल्लक साठा दगडी मातीच्या, वेताने विणलेल्या मोठाल्या बरण्यांत भरून कोठारांत पडून राहिला. ४० वर्षांनी, २०१० साली, त्यातील काही साठा एका व्यापाऱ्याने बाटल्यांत भरून ६०० पौंडांस एक याप्रमाणे विक्रीस काढला. बरणीला लाकडाचा गुण नाही, तेव्हा त्या ४० वर्षांत रम फारशी मुरली असे म्हणता येत नाही. विकत घेणाराने पैसे मोजले ते मुख्यतः इतिहासासाठी आणि ‘पुन्हा मिळणार नाही’ या तीन शब्दांसाठी.

या तीन शब्दांचे सामर्थ्य किती आणि त्यांची किंमत कोण देतो, हे त्रिनिदाद बेटावरील कॅरोनी भट्टीच्या कथेत दिसते. तेथील साखर कारखाना सरकारी मालकीचा होता. उसाच्या मळ्यांवर राबणारे बहुतेक लोक मूळचे आपल्याच देशातले. ३० मे १८४५ रोजी करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज त्या बेटास लागले, आणि १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय, विशेषतः बिहार व संयुक्त प्रांताकडील, तेथे नेले गेले. कारखाना तोट्यात आला आणि २००३ साली सरकारने तो बंद केला. सुमारे ९ हजार कामगारांची नोकरी गेली. त्याच सुमारास भट्टीही विझली. २००४ साली लुका गार्गानो नावाचा इटालियन व्यापारी तेथे गेला असता, बंद कोठारांत हजारो जुनी पिंपे तशीच पडलेली त्यास आढळली. कॅरोनीची रम जड, डांबरासारख्या वासाची, पूर्वी आरमाराच्या मिश्रणात खपणारी; तिचे मोठे कौतुक कोणी केलेले नव्हते. गार्गानोने ती मिश्रण न करता, सालवार बाटल्यांत भरून विकली. आरंभीच्या बाटल्या माफक किमतीस गेल्या. आज त्याच लिलावात शेकडो, काही तर हजारो युरोंस जातात.

आता विचार करावा, की बाटलीत बंद झालेल्या त्या रमला पुढील वर्षांत कोणता नवा गुण आला? कोणताही नाही. रसिकांस तिची ओळख पटली हे खरे, आणि त्या ओळखीचे श्रेय गार्गानोस दिलेच पाहिजे. परंतु मोल चढले ते मुख्यतः भट्टी विझली म्हणून. ज्या बंदीने ९ हजार घरांची मिळकत गेली, तीच बंदी संग्राहकाच्या कपाटातील बाटलीस सोन्याचा भाव देऊन गेली. आणि हा भाव ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या पदरात पडला नाही. दुर्मिळता हा वस्तूचा गुण नसतो, ती पुष्कळदा कोणाच्या तरी हानीची दुसरी बाजू असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

बाटलीवरील आकड्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जमैका व बार्बाडोस येथील रीतीप्रमाणे बाटलीवर १२ लिहिले असेल तर मिश्रणातील सर्वांत तरुण रमही १२ वर्षांची असते. परंतु हा नियम सर्व देशांत नाही. काही ठिकाणी मिश्रणातील सर्वांत वृद्ध थेंबाचे वय ठळक अक्षरांत छापतात, तर काही आकडे वय दाखवीतच नाहीत, नुसती शोभा आणतात. काही उत्पादक साखर मिसळून कोवळ्या रमला मुरलेपणाचा भास आणतात. जमैकाच्या नियमांत यास मनाई आहे. शिवाय ३० हा आकडा खरा असला तरी ती वर्षे जमैकात गेली की इंग्लंडमधील थंड कोठारात, यावर अर्थ बदलतो. एकत्र कुटुंबात चाळिशीचा कर्ता आणि चाळिशीचा रिकामटेकडा दोघेही वयाने सारखेच असतात. वर्षे कशी गेली ते आकड्यात दिसत नाही.

हे सर्व आपल्या वाचकांस सांगण्याचे कारण आहे. आज पुष्कळ घरांतील मुलेमुली लंडन, सिंगापूर, न्यू जर्सी येथे नोकरीस असतात, आणि ‘पिंपात पैसे गुंतवा, दहा वर्षांत तिप्पट करा’ अशा जाहिराती त्यांच्यापर्यंत पोहोचतात. ब्रिटनमध्ये व्हिस्कीच्या पिंपांच्या अशा व्यवहारांत एकच पिंप अनेकांस विकल्याच्या तक्रारी झाल्या, आणि लंडन शहराचे पोलीस काही कंपन्यांचा तपास करीत असल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. जेथे वस्तू दुसऱ्याच्या कोठारात, दुसऱ्याच्या कुलपात आणि दरसाल हवेत विरत आहे, तेथे कागदावरील नफ्याचा आकडा पाहून बचत गुंतविणे धोक्याचे आहे. घरातील तरुणांनी असा विचार बोलून दाखविल्यास वडिलांनी रागावू नये. तीन प्रश्न विचारावेत. पिंप कोणाच्या नावावर आहे आणि ते प्रत्यक्ष पाहता येईल काय? दहा वर्षांनी त्यात किती माल उरेल? आणि तो विकत घेणारा आज कोण आहे? या तिन्ही प्रश्नांस लेखी उत्तरे मिळाली नाहीत, तर विषय तेथेच संपवावा.

हीच कसोटी इतरत्रही लागू पडते. जुनी पैठणी असो, जुना वाडा असो, जुनी तांब्याची भांडी असोत. किंमत ऐकून हरखण्यापूर्वी वर्षांनी त्या वस्तूत काय घातले आणि त्यातून काय नेले, हे आधी पाहावे. काळ देतो तसा नेतोही. त्याने दिलेले टिकवून, नेलेल्याची नोंद ठेवून जो हिशेब करील, त्यालाच जुन्यातले सोने ओळखता येईल.