ताडोबाला स्वतःहून जाताना

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९५५. मध्यस्थाविना सहकुटुंब जायचे असल्यास प्रथम वनविभागाच्या संकेतस्थळावर सफारी व प्रवेशद्वार निश्चित करावे, निवास त्यानंतर. चंद्रपूरकडून मोहर्ली, नागपूरकडून कोलारा सोयीचे. मात्र आरक्षण एका द्वाराचे आणि मुक्काम दुसऱ्याजवळ असल्यास पहाटेची फेरी हुकते. मंगळवारी उद्यान बंद असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रही. आरक्षणात नोंदवलेले मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावे. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. वाघ दिसलाच पाहिजे, असा आग्रह वाटाड्याकडे वा चालकाकडे धरू नये. त्या आग्रहापायीच गाड्या वाघाची वाट अडवतात.