कटंगीच्या डॉक्टरांनाही वाचू द्या

जबलपूर किंवा गोंदियाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी केंद्र सरकारने जगभरातील जवळपास 13 हजार संशोधन नियतकालिके मोफत खुली केली आहेत. पदवी हाती पडल्यावर तोच विद्यार्थी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील कटंगीत दवाखाना थाटतो, तेव्हा हे दार त्याला बंद होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना चांगलीच आहे. 30 प्रकाशक, 6,300 हून अधिक सरकारी संस्था आणि 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये, असा तिचा पसारा. पण हा हक्क संस्थेला मिळतो आणि फॅमिली डॉक्टरला संस्थाच नसते.

याची झळ रुग्णाला बसते. सिकलसेलच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, मध्येच ताप येतो, तपासणीत पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसतात. गोळी थांबवायची की मात्रा कमी करायची? डॉक्टर मोबाइलवर ‘पबमेड’ हे संशोधन लेखांचे संकेतस्थळ उघडतो. लेखाचा गोषवारा दिसतो. मात्रेचा तक्ता मात्र पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. एका लेखाला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. लेख फुकट मिळवून देणारी ‘साय-हब’ची चोरवाटही दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑगस्ट 2025 मध्ये बंद झाली. मग उरतो औषध कंपनीचा एमआर आणि त्याच्या हातातले गुळगुळीत पत्रक. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाली. 2047 पर्यंत हा आजार हटवायचा असेल, तर त्या पत्रकावर विसंबून कसे चालेल?

खेड्यातल्या डॉक्टरला संशोधन कशाला हवे, असे विचारणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या, रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून पाहिले आणि आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. 40 टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्यावर आले. वाचणारा डॉक्टर असा लिहिताही होतो, आणि त्याच्या लिहिण्याने दूरदूरचे जीव वाचतात.

दार उघडता येते, हे या देशाने पूर्वी दाखवले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2007 मध्ये ‘कॉक्रेन लायब्ररी’ या वैद्यकीय संशोधन-आढाव्यांच्या संग्रहाची वर्गणी साऱ्या देशासाठी भरली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ कोणालाही मोफत वाचता येते. बालाघाटच्या मलेरियावर जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने केलेल्या कामातले काही लेख खुल्या नियतकालिकांत आले, म्हणून ते आज बैहरच्या डॉक्टरलाही वाचता येतात.

आमची मागणी साधी आहे. डॉक्टरची नोंदणी राज्य परिषदेकडे असतेच; आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही आहे. तोच नोंदणी क्रमांक या नियतकालिकांची किल्ली व्हावा. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी हवेत आणि बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरही हवेत. छोट्या गावांत ताप-खोकल्यापासून सर्पदंशापर्यंतचा रुग्ण अनेकदा आधी त्यांच्याच दारात येतो. प्रकाशकांना सगळी 13 हजार नियतकालिके खुली करणे जड वाटत असेल, तर निदान वैद्यकीय तेवढी द्यावीत. चालू करार 2027 अखेर संपतो. पुढच्या कराराची बोलणी सुरू होण्याआधी हे कलम मसुद्यात यावे, यासाठी बालाघाट, गोंदिया आणि भंडाऱ्याच्या खासदारांनी आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखांनी आत्ताच दिल्लीत पाठपुरावा सुरू करावा.