मानधन की वेतन?

कोल्हापुरात जिल्हा परिषदेच्या दारात अंगणवाडी सेविकांचा मोर्चा येतो, तेव्हा ‘मानधन वाढवा’ आणि ‘वेतन द्या’ या दोन घोषणा पाठोपाठ उठतात. ऐकणाऱ्याला त्या एकच वाटतात. आमच्या मते त्या एक नाहीत. इतकेच नव्हे, तर पहिली अनेकदा दुसरीच्या आड येते.

हे शब्द सरकारी इंग्रजीतील ‘ऑनरेरियम’ आणि ‘वेज’ यांचे पर्याय आहेत. प्राचीन रोममध्ये वकिलाला शुल्क मागण्याची मनाई होती; पक्षकार कृतज्ञतेने जी भेट देई, तिच्याशी ‘ऑनरेरियम’चे नाते आहे. ती देणाऱ्याची मर्जी. मागण्याचा अधिकार नाही. ‘वेज’चे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘तारण’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ते बांधून घेतलेले देणे. ते थकले तर जाब विचारता येतो.

व्याख्यानमालेतील वक्त्याला देतात ते मानधन. चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता स्वखुशीने घेतो तेही मानधनच. तेथे हा शब्द शोभतो. परंतु बालकांची वजने घेणे, पूरक आहार देणे, गर्भवतींच्या नोंदी ठेवणे, लसीकरणास हातभार लावणे आणि वर मोबाइलवर रोजची माहिती भरणे, हे सारे वरिष्ठांच्या हुकमाने करणारी सेविका ‘मानसेवी’ कशी? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून या एका शब्दाच्या आधारे शासनाने मालकाची जबाबदारी टाळली आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेला दरमहा ४,५०० व मदतनीसाला २,२५० रुपये ठरविले. राज्याने त्यात आपली भर घातली. मात्र रक्कम वाढली तरी नाव तेच राहिले. आणि नाव तेच राहिले म्हणून किमान वेतनाचा कायदा दाराबाहेरच राहिला.

या शब्दच्छलाला धक्का बसला तो एप्रिल २०२२ मध्ये. गुजरातमधील सेविका व मदतनीसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू केला. सरकार ज्याला मानधन म्हणते तो कामाचा मोबदलाच असून, त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ते वेतन ठरते, असा या निर्णयाचा आशय आहे. त्यापूर्वी २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनेही योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देऊन किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घ संप केला, त्यामागेही हाच प्रश्न होता.

कोल्हापूरला हा भेद नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. वतनाबरोबर मान येई, पण त्यात कामाचा हिशेब नव्हता. पगाराबरोबर कर्तव्य आले आणि हक्कही आला. मानापेक्षा करार श्रेष्ठ, हा धडा या भूमीने तेव्हाच घेतला. आज शासन उलट्या दिशेने चालले आहे. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांनाही ‘मानधन’च मिळते, हे विसरता कामा नये.

घरात चूल पेटविण्यासाठी दोन हजारांची वाढ आजच हवी असते. म्हणून मानधनवाढीची मागणी सोडा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण निवेदन लिहिताना, फलक रंगविताना आणि घोषणा देताना कार्यकर्त्यांनी शब्द जपून वापरला पाहिजे. वाढ मागावी ती वेतनाची पहिली पायरी म्हणून. सेविकेला मान समाजाने द्यावा, तो ती आपल्या कामाने मिळवतेच. शासनाने तिला तिचे वेतन द्यावे.