सल्ल्याला हातांची जोड हवी

कोरोनाची साथ सरून काही वर्षे झाली. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि पुढची दोन वर्षे शिरूर-दौंडच्या गावांनी काय सोसले ते सर्वांच्या ध्यानात आहेच. आज चावडीवर तो विषय निघाला की माणसे म्हणतात, "गेलं ते गेलं, आता कशाला काढायचं?" पण एखादा हंगाम बुडाला तर शेतकरी पुढच्या हंगामात बियाणे बदलतो, पेरणीची वेळ बदलतो, निदान कुठे चुकले ते बांधावर बसून बोलतो तरी. साथीच्या बाबतीत आपण गाव म्हणून असे बसून बोललो का? या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, पण माणसांची ये-जा हा दोन्ही तालुक्यांचा धर्मच आहे. शिरूरमधून पुणे-नगर रस्ता जातो आणि त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावची कारखानदारी आहे. दौंडमधून पुणे-सोलापूर रस्ता जातो, दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दल आहे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. उसाच्या फडात बाहेरच्या जिल्ह्यांतले तोडणी मजूर येतात. राहू, केडगाव, खुटबाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळांवर उत्तर भारतातले कामगार राबतात. अशा मुलखात वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून रोग थांबणार नव्हता. मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राखीव दलाच्या जवानांना 2020 मध्ये लागण झालेली आढळली, तेव्हाच हे दिसून आले. ते काही हौसेने मुंबईला गेले नव्हते. कर्तव्यावर गेले होते. तरीही "ते आले आणि रोग आणला" असे बोलणारे निघालेच.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत गावांनी जे केले त्यात भीती जास्त आणि उपयोग कमी होता. कोंबडीपासून कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये उठली आणि पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. कोणी पक्षी फुकट वाटले, कोणी खड्ड्यात पुरले. मग फवारणीची लाट आली. डाळिंब-द्राक्षाचे ब्लोअर ट्रॅक्टरला लावून गल्लोगल्ली हायपोक्लोराइट फवारले गेले. माणसांच्या अंगावर असे औषध फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच सांगितले होते. रस्ते फवारून हा रोग आटोक्यात येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात सांगितले. पण फवारा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. शेतीतही हेच होते. कीड कुठली, तिची अवस्था कुठली हे न पाहता "शेजाऱ्याने मारलं म्हणून मीही मारलं", असे करणाऱ्याचा खर्च वाढतो आणि कीड राहते तिथेच.

खरा प्रश्न मात्र सल्ल्याचा होता. सल्ले बरोबर होते, यात शंका नाही. तोंडाला रुमाल बांधा, अंतर ठेवा, हात धुवा, ताप-खोकला असेल तर तपासणी करा, लागण झाली तर चौदा दिवस वेगळे राहा. स्पीकरवरून हे रोज सांगितले जाई. पण दोन खणांच्या घरात सात माणसे राहतात, तिथे वेगळे कुठे राहायचे? दावणीला चार गाई आहेत, त्यांची धार कोण काढणार? कांदा काढणीला आला आहे, पाण्याची पाळी आज रात्रीची आहे, ती सोडली तर पुढची कधी मिळेल ते देवाला ठाऊक. अशा माणसाला "घरात बस" म्हणणे सोपे असते. तो बसत नाही, आणि बसत नाही म्हणून तपासणीही करीत नाही. कारण तपासणीत काही निघाले तर बसावे लागेल, आणि वर गाव वाळीत टाकील ते वेगळेच. रोग लपविण्याचे मूळ अज्ञानात कमी आणि अडचणीत जास्त होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच दोन तालुक्यांत उलट चित्रही दिसले. जिथे भावकीने किंवा शेजाऱ्याने सांगितले, "दादा, तू जा दवाखान्यात, धारेचं आणि मोटरीचं आम्ही बघतो," तिथे माणूस दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेला. जिथे तरुण मंडळाच्या पोरांनी किराणा आणि औषधे उंबऱ्यापर्यंत पोचवली, तिथे बाधित घर खरोखर घरात राहिले. जिथे झेडपीच्या शाळेत बाहेरून आलेल्यांची सोय करून त्यांना दोन वेळचा डबा मिळाला, तिथे भिंतीवरून उड्या मारून कोणी पळाले नाही. टाळेबंदीत कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर कोप्यांमध्ये अडकून पडले होते. त्यांना गावी पाठविण्याचा निर्णय शासनाने एप्रिल 2020 च्या मध्यास घेतला. तोवरचे दिवस ज्या गावांनी त्यांना पीठ-मीठ दिले, त्या गावांनी स्वतःचेही रक्षण केले. उपाशी माणूस एका जागी थांबत नाही, हे ज्याला कळले त्याला साथरोगाचे निम्मे शास्त्र कळले.

बाजारपेठा बंद झाल्या तेव्हाही हेच अनुभवास आले. मार्केट यार्ड बंद, आठवडे बाजार बंद, दुधाचे दर कोसळलेले. त्या वेळी ज्या गावांत शेतकरी गट आधीपासून होते, त्यांनी भाजीपाल्याच्या पिशव्या भरून थेट पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारात नेल्या. ज्या गावांत गट फक्त कागदावर होते, तिथे माल शेतात सडला. संकटात नवी संघटना उभी राहत नाही. आधीची असेल तीच कामाला येते.

आशाताईंचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. 15 सप्टेंबर 2020 पासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू झाली. आशा, अंगणवाडी सेविका आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजू लागले. वाड्यावस्त्यांवर उन्हातान्हात पायी फिरणारी ही बाई गावचीच सून किंवा लेक. म्हणूनच म्हाताऱ्या तिला खरे सांगत. साहेबाला "बरं हाय" म्हणणारी आजी तिला "दोन दिवस जीव घाबरतोय गं" असे सांगे. आणि तेच तर महत्त्वाचे होते. कारण या रोगात ऑक्सिजन 95 च्या खाली उतरला तरी काही रुग्णांना धाप जाणवत नसे. माणूस ओट्यावर बसून बोलतोय, चहा पितोय आणि आतून खालावतोय. अशा वेळी बोटाला लावायचे ते छोटे यंत्र गावात आहे की नाही, आणि ते लावायला कोणी दारात येते की नाही, यावर जीव अवलंबून होता. 2021 च्या दुसऱ्या लाटेत इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्ररात्र पुणे-नगर पालथे घालीत होते. त्यातले कित्येक रुग्ण तीन-चार दिवस आधी दवाखान्यात गेले असते तर ती धावपळ टळली असती.

या आशाताईंना मोबदला मात्र इतका तुटपुंजा होता की जून 2021 मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. पुढे मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. सन्मान जगाने केला, चांगलेच झाले. पण ग्रामसभेत तिला बसायला खुर्ची दिली का, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते विचारून पाहावे.

शेतकऱ्याला विलगीकरण शिकवावे लागते असे कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. डाळिंबावर तेल्या आला की आपण रोगट फांद्या छाटून जाळतो, कात्री हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवूनच दुसऱ्या झाडाला लावतो. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, आजारी गाय वेगळी बांधली गेली, गोठ्यात फवारणी झाली, लसीकरणाला लोकांनी स्वतः जनावरे धरून दिली. आणि त्या आजारी गाईला कोणी शिव्या दिल्या नाहीत. उलट तिला हिरवा चारा हाताने भरविला. माणसाच्या बाबतीत आपण वेगळे करणे म्हणजे वाळीत टाकणे समजलो, एवढाच फरक पडला. आजाऱ्याला वेगळे ठेवायचे असते ते त्याची जास्त काळजी घेण्यासाठी, टाकून देण्यासाठी नव्हे.

आपल्या आजा-पणजांना हे ठाऊक होते. प्लेगच्या काळात गावे ओस पडत आणि माणसे रानात झोपड्या घालून राहत, पण भावकी एकत्र राही. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला आणि तोच कायदा 2020 मध्ये आपल्या राज्यात लागू करण्यात आला. 1918 च्या तापाला जुनी माणसे "मानमोडी" म्हणत. म्हणजे साथी येतात, जातात आणि पुन्हा येतात. नाव तेवढे बदलते.

लांब कशाला जायचे? जुलै 2021 मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसरला सापडला. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखविले गेले. तेव्हा कुठे टीसीएलच्या पोत्याची आठवण झाली. ते पोते ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओल धरून पडले असेल तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती भुकटी. आग लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय मोडली पाहिजे.

कोरोनाने आणखी एक जखम ठेवली आहे, तिच्याकडे गावाने पाहायला हवे. कर्ता पुरुष गेला, मागे बायको आणि लहान लेकरे राहिली, अशी घरे बहुतेक गावांत आहेत. शासनाने पन्नास हजारांचे सानुग्रह अनुदान दिले, "मिशन वात्सल्य" योजना आणली. पण जमीन मयताच्या किंवा सासऱ्याच्या नावावर राहिली तर त्या बाईला पीककर्ज मिळत नाही, ठिबकचे अनुदान मिळत नाही, स्वतःच्या कष्टाचा विमाही उतरविताना अडचण येते. 2025 मध्ये "जिवंत सातबारा" मोहिमेतून वारसनोंदी करण्यात आल्या. तरीही भावकीच्या भीडेपोटी किंवा वादापोटी राहून गेलेल्या बहिणी असतील, तर त्यांच्यासाठी सरपंच, पोलीस पाटील यांनी चार शब्द बोलावेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो ठराव करायला त्यांना निधी लागला नव्हता. मन लागले होते.

तर आता करायचे काय? फार मोठे काही सुचवीत नाही. पहिली गोष्ट, गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावरून उठवून दर महिन्याला बसवावी. आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि आम्ही कृषी कर्मचारी, सर्वांनी तिथे अर्धा तास द्यावा. दुसरी गोष्ट, वस्तीवार एक वही ठेवावी. एकटी राहणारी म्हातारी माणसे कोण, साखर-रक्तदाबाचे रुग्ण कोण, अडीनडीला रात्री गाडी कोण काढील, आणि आजारपणात कोणाची धार कोण काढील, हे त्यात आधीच लिहिलेले असावे. तिसरी, ऑक्सिजन मोजायचे यंत्र, तापमापक आणि कोरडे टीसीएल यांची तपासणी पावसाळ्याआधी करावी, जशी आपण पेरणीयंत्राची करतो. चौथी, अफवा आली तर आधी आरोग्य केंद्रात विचारायचे आणि मगच पुढे सांगायचे, असा गावचा शिरस्ता पाडावा. आणि पाचवी, गट आणि मंडळे चालू ठेवावीत. गणपतीत वर्गणी गोळा करणारी पोरेच साथीत डबे पोचवितात.

काही जण म्हणतील, ही कामे सरकारची आहेत. दवाखाना, डॉक्टर, ऑक्सिजन, लस ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि ती मागण्यात कुचराई करू नये. पण शेजाऱ्याच्या गाईची धार काढायला मंत्रालयातून माणूस येणार नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यात भाळवणीला 2021 मध्ये तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी कोविड केंद्र उभे केले, तेव्हा लोकांनीच त्याला हातभार लावला, हे आपण जवळून पाहिले आहे. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगीच पडलेली नाही.

येत्या ग्रामसभेत घरकुल, गटार, रस्ता हे विषय निघतीलच. त्यांच्या यादीत एवढा एक विषय घालावा: "गावात साथ आली तर कोण काय करणार?" उत्तर लिहून घ्यावे, खाली नावे टाकावीत आणि सह्या घ्याव्यात. पुढची साथ विचारून येणार नाही.